एकट्याचे मासिक

दिवाळी अंक ही पुष्कळांच्या हातांची वस्तू आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांना फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचेही ताट मांडून दिले. तेव्हापासून कथा एकाची, कविता दुसऱ्याची, चित्रे तिसऱ्याची, जाहिराती चौथ्याच्या आणि या सर्वांची मोट बांधणारा संपादक पाचवा, असा या अंकांचा संसार चालत आला आहे. पंगतीत एखादी भाजी खारट झाली तरी जेवण पार पडते; तसा एखादा लेख फसला तरी अंक तरून जातो. चार माणसांत असण्याचा हा मोठाच आधार.

परंतु मराठीत आणखी एका जातीची नियतकालिके होऊन गेली. तेथे शिधा आणणारा, रांधणारा, वाढणारा आणि शेवटी पत्रावळी उचलणारा माणूस एकच असे. लेख त्याचे, मते त्याची, तोटा त्याचा आणि खटला भरला तर आरोपीच्या पिंजऱ्यातही तोच. अशा एकट्याच्या मासिकांविषयी मी आज चार गोष्टी सांगणार आहे. त्याला कारण असे की, हल्ली लिहिण्याची हौस असणारी अनेक माणसे मला एक प्रश्न विचारतात. आपल्यापुरते, आपल्या नावाने, नियमाने काही लिहीत राहण्यात आता अर्थ उरला आहे काय? ज्याच्या त्याच्या हातात फोन, त्यात पाहायला अष्टौप्रहर तमाशा. मग आपल्या दोन पानांकडे ढुंकून तरी कोण पाहणार?

हाच प्रश्न एकदा शाळेतही आला. सातवीच्या वर्गात मी विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'विषयी सांगत होतो. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पण गुरुजी, एवढं सगळं वाचत कोण होतं?" पोरांचे प्रश्न सरळ असतात आणि म्हणूनच त्यांना उत्तर देणे अवघड असते. त्या वेळी तास संपला म्हणून मी सुटलो. पुढे मात्र तो प्रश्न मी मनात घोळवीत राहिलो. मी इतिहाससंशोधक नव्हे. गोष्टी लिहिणारा एक शाळामास्तर. तेव्हा वाचनात आले आणि विचारात पटले तेवढेच येथे मांडतो.

प्रथम शास्त्रीबोवांचीच हकीकत पाहू. २५ जानेवारी १८७४ या दिवशी 'निबंधमाला' सुरू झाली, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस. घरात विद्वत्ता होती, कारण वडील कृष्णशास्त्री हे नामांकित पंडित. परंतु स्वतः विष्णुशास्त्री म्हणजे पुण्यातल्या सरकारी शाळेचा एक शिक्षक. दिवसा वर्गात शिकवावे आणि उरलेल्या वेळात पुढच्या अंकाचा मजकूर तयार करावा, असा क्रम. पहिल्याच अंकात त्यांनी विषय घेतला तो मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीचा. शिकलेली माणसे आपसांत इंग्रजी बोलण्यात भूषण मानीत, अशा काळात मराठी गद्यात कोणताही विचार ठासून मांडता येतो, हे त्यांना दाखवायचे होते. त्यासाठी नुसते सांगून भागणारे नव्हते, महिन्यामागून महिना ते करून दाखवावे लागणार होते.

आणि ते त्यांनी केले. मालेचे एकंदर ८४ अंक निघाले आणि त्यांतला जवळजवळ सगळा मजकूर एकट्या शास्त्रीबोवांचा. इतिहास, वक्तृत्व, लोकभ्रम, इंग्रज पंडित डॉ. जॉन्सन, असे नाना विषय त्यात येऊन गेले. मध्यंतरी त्यांची बदली रत्नागिरीस झाली, तरी माला थांबली नाही. १८७९ साली त्यांनी सरकारी नोकरी सोडली. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' आणि 'मराठा' सुरू झाले. या साऱ्या उद्योगांत टिळक-आगरकरांसारखी तरुण माणसे त्यांच्याभोवती जमली. नुसत्या मैत्रीने अशी माणसे जमत नसतात. आधी त्यांनी काहीतरी वाचलेले असते.

मालेतला 'आमच्या देशाची स्थिती' हा निबंध पुढे इंग्रज सरकारने जप्त केला. ती बंदी १९३७ साली उठली. शास्त्रीबोवा १७ मार्च १८८२ रोजी, वयाचे बत्तिसावे वर्ष पुरे होण्याआधीच वारले होते. मेलेल्या माणसाच्या एका निबंधाला सरकारने इतकी वर्षे भ्यावे, यातच त्या मुलीच्या प्रश्नाचे थोडेसे उत्तर आहे.

पण एवढेच सांगून थांबलो तर गोष्ट अर्धीच सांगितल्यासारखी होईल. एकट्याच्या मासिकाला जसा एकट्याचा जोर असतो, तसे एकट्याचे दोषही त्याला चिकटतात. हात धरणारा संपादक नाही, "हे जरा जास्त होते आहे" असे म्हणणारा सहकारी नाही. 'निबंधमाले'ने जोतीराव फुल्यांची जी टवाळी केली, ती आज वाचताना मान खाली जाते. जोतीरावांच्या भाषेतले व्याकरण त्यांनी तपासले, पण त्या भाषेमागचे दुःख तपासले नाही. ज्या लेखणीने मराठीला ताठ उभे राहायला शिकवले, तीच लेखणी त्याच मराठीत बोलणाऱ्या कष्टकऱ्यांच्या कैवाऱ्यावर उपहासाचे आसूड ओढीत होती.

मग याला उतारा कोणता? मला वाटते, याला उतारा म्हणजे दुसरे एकट्याचे मासिक.

जोतीरावांना हा अनुभव परक्यांकडूनच आला असे नाही. त्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पुरा केला. सत्यशोधकांचे म्हणून जे 'दीनबंधु' पत्र होते, त्यात त्याची आरंभीची प्रकरणे छापून आली, पुढली मात्र आली नाहीत. आपल्याच माणसांच्या पत्राला आपलेच लिहिणे जड व्हावे, असा हा प्रसंग होता. चळवळीच्या पत्रालाही वर्गणीदार सांभाळावे लागतात, सरकारची मर्जी पाहावी लागते, चार जणांचा विचार घ्यावा लागतो. त्यात वाईट काही नाही. परंतु म्हणूनच काही गोष्टी अशा राहतात की, त्या कोणत्याही चांगल्या पत्रात बसत नाहीत. त्यांना स्वतःची ओसरी लागते.

१८८५ साली जोतीरावांनी अशी ओसरी बांधली. तिचे नाव 'सत्सार'. त्याचे अंक निघाले फक्त दोन. कोठे मालेचे ८४ आणि कोठे हे दोन! अंक मोजून थोरवी ठरवायची म्हटली तर 'सत्सार'चा उल्लेखही करू नये. पण त्या दोन अंकांत जोतीरावांनी दोन स्त्रियांची बाजू घेतली. एक पंडिता रमाबाई. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यामुळे त्यांच्यावर चहूकडून आग पाखडली जात होती. दुसऱ्या होत्या ताराबाई शिंदे.

ताराबाई वऱ्हाडातल्या बुलढाण्याच्या. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला आणि वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला नीतीचे पाठ देण्याची चढाओढ लागली. ते वाचून ताराबाईंनी लेखणी उचलली. दोष बाईचा किती आणि पुरुषाचा किती, याचा त्यांनी आपल्या रोखठोक, घरगुती, प्रसंगी झणझणीत मराठीत हिशेब मांडला. 'स्त्रीपुरुषतुलना' हे त्या पुस्तकाचे नाव. पुण्याच्या शिवाजी छापखान्यात ते १८८२ साली छापले गेले. प्रती ५००, किंमत नऊ आणे. योगायोग असा की, शास्त्रीबोवांच्या निधनाचे वर्षही तेच.

या पुस्तकाचे पुढे काय झाले? टिंगल झाली. त्यानंतर ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. त्यांच्या बाजूने उभे राहिले ते जोतीरावांचे ते दोन अंकांचे 'सत्सार'. पुढे पुस्तक दिसेनासे झाले आणि काळाच्या माळ्यावर जाऊन पडले. म्हणजे त्या मुलीचा प्रश्न ताराबाईंना विचारला असता तर त्यांना काय उत्तर देता आले असते? "बाळे, फारसे कोणी नाही," एवढेच.

तथापि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक शोधून पुन्हा छापले. मधे ९३ वर्षे गेली होती. १९९४ साली रोझालिंड ओहॅन्लन या विदुषींनी त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. आज एकोणिसाव्या शतकातील भारतीय स्त्रियांच्या विचारांविषयी बोलताना बुलढाण्याच्या या बाईंना वगळून कोणालाच पुढे जाता येत नाही. त्या वेळी त्यांना उपदेश करणारी जी मोठमोठी पत्रे होती, त्यांतल्या कित्येकांची नावे आता फक्त अभ्यासकांना ठाऊक असतात. नऊ आण्यांचे पुस्तक मात्र राहिले.

आता थोडे अलीकडे येऊ. एकट्याच्या मासिकाची खरी कसोटी लागली ती रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या हातून. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव; गणिताचे प्राध्यापक. लोकांनी मुले किती आणि केव्हा व्हावीत याचा विचार करावा, बाईच्या जिवाची त्यात काळजी घेतली जावी, हे त्यांचे सांगणे. त्यासाठी त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. असले काम आणि कॉलेजातली नोकरी एकत्र नांदण्यासारखी नव्हती. १९२५ साली त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले.

पुढची सव्वीस वर्षे हे मासिक म्हणजे एक घरगुती कारखानाच होता. लिहायचे त्यांनी, मुद्रिते तपासायची त्यांनी, वर्गणीचा हिशेब त्यांनीच पाहायचा. पत्नी मालतीबाई यांनी नोकरी करून संसाराची बाजू उचलून धरली. जे विषय माजघरातही कुजबुजीने बोलले जात, ते येथे साध्या, कोरड्या, गणिताच्या मास्तराला शोभेल अशा भाषेत मांडलेले असत. १९३१ साली अश्लीलतेच्या आरोपावरून खटला होऊन त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा खटला झाला. या वेळी त्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. तरीही निकाल विरुद्ध गेला आणि २०० रुपये दंड झाला.

हा दुसरा खटला कशावरून झाला, ते पाहण्यासारखे आहे. वाचक पत्रे पाठवून खाजगी शंका विचारीत आणि कर्वे मासिकात त्यांची उत्तरे देत. त्या उत्तरांवरून तो खटला होता. "वाचत कोण होतं?" या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला माहीत नाही. ज्याला आपली अडचण आईला सांगता येत नव्हती, वैद्याला विचारता येत नव्हती, मित्राजवळ बोलायची लाज वाटत होती, असा माणूस ते वाचत होता. तो वाचक चौकात उभा राहून "मी हे मासिक वाचतो" असे सांगणारा नव्हता. त्याची शिरगणती कधी झालीही नसेल. पण त्या एका माणसाच्या घरात त्या एका उत्तराने काय फरक पडला असेल, हे वर्गणीदारांच्या वहीत मांडता येत नाही.

१९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला. ज्या गोष्टीसाठी कर्व्यांनी दंड भरले, तीच गोष्ट सरकार स्वतः सांगू लागले. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले आणि त्या नोव्हेंबरात 'समाजस्वास्थ्या'चा शेवटचा अंक निघाला. माणूस आणि मासिक यांनी एकमेकांची सोबत शेवटपर्यंत सोडली नाही. अमोल पालेकरांनी त्यांच्यावर 'ध्यासपर्व' हा चित्रपट काढला तो २००१ साली. तोवर त्यांना जाऊन अठ्ठेचाळीस वर्षे झाली होती.

येथवर आलेली माणसे कमीअधिक लढाऊ होती. त्यांना जगाला काही पटवायचे होते. मग ज्याला कोणाशी भांडायचे नाही, कोणाला सुधारायचे नाही, त्याने काय करावे? त्याच्यासाठी मी कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडातल्या, वरसई गावच्या विष्णुभट गोडसे यांचे नाव घेईन. घरावर कर्ज होते. उत्तरेत मोठा यज्ञ होणार आणि दक्षिणा मिळणार असे ऐकून हे भटजी १८५७ साली घराबाहेर पडले, ते नेमके बंडाच्या वणव्यात सापडले. १८५८ साली झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. तिथली कत्तल त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी तहानलेली राणी लक्ष्मीबाईही त्यांनी पाहिली. अखेरीस मिळालेली दक्षिणा लुटली गेली आणि मायबापांसाठी गंगेचे पाणी तेवढे घेऊन ते घरी परतले.

या सगळ्याची आठवण त्यांनी सुमारे १८८३ साली चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून लिहून काढली. इंग्रजी अमलात बंडाची हकीकत छापणे हे काही साधे काम नव्हते. वैद्यांनी ते बाड जपून ठेवले. भटजी निवर्तल्यावर १९०७ साली 'माझा प्रवास' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. सत्तावन्नच्या बंडाविषयी इंग्रजांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले. परंतु एका गरीब मराठी भिक्षुकाला ते बंड कसे दिसले, झाशीतल्या बायामाणसांचे काय झाले, वाटेत चोरांनी कसे नागवले, हे सांगणारे हे एकच बाड. ते लिहिताना भटजींना आपण इतिहास लिहितो आहोत असे वाटलेही नसेल.

या चारही हकीकती शेजारी शेजारी ठेवल्या की मला त्यांत एकच धागा दिसतो. एकट्याने लिहिलेल्या पानाची किंमत वाचकांच्या संख्येवर ठरत नाही; ते पान नसते तर कोणती गोष्ट सांगायची राहून गेली असती, यावर ती ठरते. माला नसती तर मराठी गद्याचा कणा ताठ व्हायला आणखी काळ लागला असता. 'सत्सार' नसते तर ताराबाईंच्या बाजूचा शब्द राहिला असता. कर्वे नसते तर कित्येकांची शंका मनातच मेली असती. आणि भटजींनी लेखणी उचलली नसती तर झाशीच्या गल्ल्यांतला तो आकांत मराठीत उतरलाच नसता. ज्याच्याजवळ असे एखादे न सांगितलेले काही आहे, त्याने लिहावे. ज्याला चार जणांनी आधीच म्हटलेले पुन्हा म्हणायचे आहे, त्याने खुशाल पंगतीत बसावे. तेही वाईट नाही.

मात्र दोन गोष्टींचे भान राखले पाहिजे. पहिली ही की, एकट्याने लिहिणाऱ्याने आपल्या लेखणीवर आपणच पहारा ठेवला पाहिजे. शास्त्रीबोवांसारख्या थोर लेखकाचाही तोल जेथे गेला, तेथे आपली काय कथा? लिहिलेले दोन दिवस बाजूला ठेवावे. ज्याच्याविषयी लिहिले तो माणूस समोर बसला आहे अशी कल्पना करून मग ते पुन्हा वाचावे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लिहिणे निराळे आणि राखणे निराळे. भटजींना वैद्य भेटले, ताराबाईंना मालशे भेटले, म्हणून त्यांचे शब्द आपल्यापर्यंत पोचले. ज्यांना कोणी भेटले नाही अशा किती वह्या चुलीत आणि रद्दीत गेल्या असतील! आज खिळे जुळवावे लागत नाहीत, टपालखर्च नाही, अंगठ्याने चार ओळी लिहिल्या की त्या सातासमुद्रापार जातात. परंतु ते सगळे दुसऱ्याच्या वाड्यातले बिऱ्हाड आहे. मालकाने वाडा पाडायचे ठरवले की आपली भांडीकुंडी रस्त्यावर. म्हणून कोठेही लिहा, पण त्याची एक प्रत आपल्या घरात, कागदावर, तारीख घालून ठेवा; आणि ती कोठे ठेवली आहे, हे घरातल्या एका तरुण माणसाला सांगून ठेवा. प्रत्येक लिहिणाऱ्याला एक वैद्य हवा असतो, तसा प्रत्येक घरात एखादा वैद्य व्हायलाही हवा. आजोबांच्या ट्रंकेतली वही रद्दीत घालण्यापूर्वी ती एकदा उघडून पाहणारा माणूस, एवढाच त्याचा अर्थ.

त्या मुलीला मी पुढच्या तासाला इतकेच सांगितले की, वाचणारे तेव्हाही थोडेच होते, आणि त्या थोड्यांपैकी काही अजून जन्माला यायचे होते. त्यांतली एक तू. ती थोडा वेळ विचारात पडली, मग तिने विचारले, "मग मी लिहिलं तर ते वाचणारं माणूस कुठं असेल?" मी म्हटले, "ते तुला कळणार नाही. तरी अक्षर स्वच्छ काढ."

दिवाळीत व्यापारी मंडळी नव्या वह्यांची पूजा करतात, वर 'श्री' काढतात आणि पाडव्याला पहिली नोंद करतात. त्या वहीत उद्या किती जमा होईल, हे पूजेच्या वेळी कोणालाच ठाऊक नसते. तरी वही घेतल्यावाचून कोणी राहत नाही. वाचकहो, यंदा त्या वह्यांबरोबर एक कोरी वही घरासाठीही घ्या. आपल्या गल्लीत काय घडले, विहीर केव्हा आटली, आजीने कोणता पदार्थ कसा केला, गिरणी बंद पडली तेव्हा वडील काय म्हणाले, जे कोणत्याही पत्रात छापून येणार नाही ते तीत लिहा. हा अंक वाचून झाल्यावर हातासरशी पहिली ओळ लिहिलीत, तर फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत पान भरलेले असेल.